बीबीसी मायक्रोला १७७० वालं डिस्क कार्ड, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

बीबीसी मायक्रो म्हणजे अ‍ॅकॉर्न कंपनीचा ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर, त्याला फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचं हे कार्ड, आणि १७७० ही त्यावरची ड्राइव्ह चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर. कार्ड चांगलंय, पण कशासाठी घेताय ते आधी ठरवा. नुसत्या गेम खेळायच्या असतील तर यूजर पोर्टला एसडी कार्डचा अ‍ॅडाप्टर लावा, स्वस्तात काम होतं. जुन्या फ्लॉप्या वाचायच्या असतील तरच ह्याच्या नादाला लागा.

माझं मशीन मॉडेल बी, १९८४ च्या 'क्लास' ह्या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी प्रोजेक्टमध्ये शाळांना दिले होते त्यातलं, सोबत डबाभर सव्वापाच इंची डिस्का. मूळ कंट्रोलर इंटेलचा ८२७१, तो तेव्हाच महाग आणि मिळायची मारामार, म्हणून वॉटफर्ड, ओपस असल्या कंपन्यांनी दुसऱ्या चिपची कार्डं काढली आणि अ‍ॅकॉर्ननं पण १९८५ च्या बी प्लसमध्ये १७७० च घातली. माझं कार्ड हल्ली बनवलेलं, ८२७१ च्या सॉकेटमध्येच बसतं, डीएफएसचा (डिस्कवरच्या फायली सांभाळणारा प्रोग्राम) रॉम वेगळा लावायचा.

आलं तेव्हा एका पिनचं सोल्डर कच्चं होतं, डिस्क कधी वाचायची, कधी 'डिस्क फॉल्ट १८'. विकणाऱ्यानं मेसेज वाचून सोडून दिला, शेवटी उद्यमनगरात एकाकडनं पिना परत मारून घेतल्या, तेव्हापासून तक्रार नाही.

फायदा म्हणजे डबल डेन्सिटी, तेवढ्याच डिस्कवर जास्त डेटा. डीएफएसला ८० ट्रॅकच्या (ट्रॅक म्हणजे डिस्कवरची डेटाची गोल रेघ) डिस्कच्या एका बाजूला २०० के, एडीएफएस (डीएफएसच्या पुढची सिस्टीम) टाकलं की दोन्ही बाजू मिळून ६४० के आणि फोल्डर पण करता येतात. तोटा, डीएफएस आलं की पेज, म्हणजे मेमरीत प्रोग्राम जिथनं सुरू होतो तो पत्ता, हेक्स ई०० वरून १९०० वर जातं, म्हणजे पावणेतीन के मेमरी गेली, ३२ के च्या मशीनला हे लै होतं, कॅसेटवरचे मोठे प्रोग्राम थेट चालत नाहीत, खाली सरकवून घ्यावे लागतात. आणि ८२७१ शी थेट बोलणारे कॉपी प्रोटेक्शनवाले काही गेम चालतच नाहीत, त्यात कार्डाचा काय दोष.

खरा वैताग आपल्या कोल्हापूरच्या पावसाचा. जुलैत डिस्कच्या खिडकीतनं बघितलं तर पांढरे ठिपके, बुरशी! अशी एक डिस्क फिरवली की हेड माखतं आणि पुढची चांगली डिस्क पण ओरखडते. त्यामुळं आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं डिस्क पुसायची, वाळवायची, मगच ड्राइव्हमध्ये, आणि मधनंमधनं हेड पण पुसायचं.

शाळेतल्या डिस्का ४० ट्रॅकच्या असतात, ८० च्या ड्राइव्हवर वाचायला ४०/८० चं बटण लागतं. वाचा बिनधास्त, पण तिथं लिहू नका, ८० चं हेड बारीक असतं, जुना डेटा कडेला राहतो आणि मग ४० च्या ड्राइव्हला दोन्हीची खिचडी ऐकू येते.