चार वाजता आठची खूण

३,०६,४४० रुपये. आईला चार महिने म्हाताऱ्यांच्या एका खाजगी केअर सेंटरमध्ये ठेवलं, त्याचे. आकडा आधीच सांगून टाकते, कारण "एवढे दिलेस कसे गं?" हा प्रश्न नंतर येतोच. असे दिले: डिपॉझिट ७५,०००, प्रवेश शुल्क ११,०००, महिन्याचे ३२,००० प्रमाणे चार महिने, 'स्पेशल आया' महिना ९,०००, फिजिओथेरपी महिना ७,२००, एअर बेडचं भाडं महिना २,५००, आणि डायपर, ग्लोव्हज, वाइप्स असं किरकोळ मिळून १७,६४०. परत मिळाले शून्य. आईच्या माकडहाडावरची जखम साफ करून घ्यायला नंतर हॉस्पिटलात ८४,५०० लागले, ते यात धरलेलेच नाहीत.

सेंटरचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. वकिलांनी बजावलंय, आणि समोरून बदनामीची नोटीस येऊन पडलेलीच आहे. घाटापलीकडे, हायवेपासून आत, 'निसर्गाच्या सान्निध्यात' वगैरे. आम्ही डोंबिवलीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई ७८ वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. भाऊ बंगळुरूला, माझी शाळा, नवरा पहाटेची लोकल पकडणारा. ब्युरोची आया दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन बंद लागतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. ज्यांनी भोगलं नाही त्यांनी "मुळात ठेवलंच कशाला" हे वाक्य आपल्याजवळच ठेवावं.

आणि मी न बघता ठेवलेलं नाही. स्वतः जाऊन बघितलं. खोल्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, संडासात कमोडशेजारी धरायला दांडा आहे का तेही बघितलं. मॅनेजर एवढा गोड की चहात साखर नसती तरी चाललं असतं. "ताई, आजींची काळजी आता आमची. तुम्ही फक्त भेटायला या." भिंतीवर तीन फ्रेम्स होत्या, सोनेरी शिक्क्यांच्या. त्या मी वाचल्या नाहीत, लांबून बघितल्या. एक उद्यम नोंदणी होती, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, जी कोणीही घरबसल्या, फुकट, स्वतःच्याच माहितीवर करून घेतो. दुसरी शॉप ॲक्टची पावती, म्हणजे दुकान उघडल्याचं कळवल्याचा कागद. तिसरं आयएसओ. ही आयएसओ नावाची संस्था नियम लिहिते, सर्टिफिकेट ती स्वतः कोणालाच देत नाही, देतात ते बाहेरचे. त्यातले काही खरंच तपासतात, काही पैसे घेतात. म्हाताऱ्या माणसाला वेळेवर पाणी मिळतं की नाही याबद्दल तिन्ही कागदांत एक अक्षर नव्हतं. फ्रेम दिसली की चष्मा लावून वाचा.

आता तो तक्ता. यावर माझी अजून रात्री झोप उडते.

पडून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखमा होतात. त्यासाठी तिथल्या एका पेशंटच्या पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला तक्ता होता. आठ, दहा, बारा, दोन, चार असे चौकोन, प्रत्येकात बरोबरची खूण आणि सही. मला ते बघून बरं वाटलं, एवढी शिस्त! मग लक्षात आलं की संध्याकाळी सहाच्या चौकोनातही खूण आहे. आठच्याही. दहाच्याही. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी बोट ठेवून विचारलं. मॅनेजर हसून म्हणाला, "ते कालचं पान आहे ताई, नवीन लावायचं राहून गेलं." आणि कोपऱ्यात तारीख आजची होती. मी ती वाचली होती. वाचून गप्प बसले. कारण इकडे हॉस्पिटलचं बिलिंग मागे लागलेलं, सहाच्या आत डिस्चार्ज घ्या नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं लागेल. भाऊ फोनवर "फायनल कर ना" म्हणतोय. आणि या सेंटरचं कार्ड आम्हाला त्याच हॉस्पिटलातल्या कोऑर्डिनेटरनं हातात दिलेलं. अशा वेळी समोरच्याला तोंडावर खोटारडा कोण म्हणतं? म्हणायला हवं होतं का? तुम्ही तिथे असता तर म्हणाला असता का? मला नाही वाटत. पण तुम्हाला असा तक्ता दिसला, तर तिथूनच उलटे फिरा.

(कार्ड देणाऱ्याचं कमिशन असतं. हॉस्पिटलात कोणीही खिशातून कार्ड काढलं की आधी हे गृहीत धरा.)

पुढचा प्रकार तुम्हाला माहीतच असेल. भेटायची वेळ चार ते सहा, तीही आदल्या दिवशी मेसेज करून, कारण 'इन्फेक्शन कंट्रोल'. मी जायची तेव्हा आई केस विंचरलेली, पावडर लावलेली, खुर्चीत बसवलेली. रविवारी व्हिडिओ कॉल, त्यात फक्त चेहरा, चादर हनुवटीपर्यंत. आई कमी बोलायची. "वयाचं आहे, थोडा विसराळूपणा येतो," असं ते सांगायचे, आणि फॅमिली डॉक्टरांनाही फोनवर तेच खरं वाटलं.

'स्पेशल आया' नावाची कोणी बाईच नव्हती. हे मला तिथून काढून टाकलेल्या एका मावशीनं नंतर सांगितलं. रात्री एकतीस पेशंटना दोन बायका, आणि प्रत्येकाच्या नातेवाइकाला सांगायचं की यांचीच स्पेशल आहे. संध्याकाळी पाणी कमी द्यायचे, म्हणजे रात्री डायपर बदलायला नको. बिलात मात्र दिवसाला चार डायपर. फिजिओच्या रजिस्टरवर अनंत चतुर्दशीला सही आहे. त्या दिवशी त्या भागातले रस्ते दुपारपासून बंद होते. एअर बेड होता, पण त्याचा पंप लावलेलाच नव्हता, नुसतं प्लास्टिक अंथरलेलं. पंप चालू असला की बारीक घुर्र आवाज येतो आणि गादीचे कप्पे आलटून पालटून फुगतात. हात ठेवून बघा, मिनिटभरात कळत नाही, दहा मिनिटं ठेवा.

कळलं ते मावसभावामुळे. तो कोल्हापूरहून येताना रात्री न सांगता गेला, वॉचमनशी भांडला आणि आत शिरला. त्यानं चादर बाजूला केली आणि मला फोन लावून बोलू शकला नाही, फोटो पाठवला. तो फोटो आता पुराव्यात आहे. सकाळी ॲम्ब्युलन्सनं आईला हलवलं. डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत गेलीय, ही आठवड्याभरातली नाही.

आणि डिपॉझिट? नोटीस न दिल्याबद्दल एक महिना, ३२,००० कापले. गादी आणि रंगकाम, १८,०००. उरलेले २५,००० 'मेडिकल हँडलिंग'. बरोब्बर ७५,०००, एक रुपया इकडे तिकडे नाही. एवढं अचूक काम त्यांनी आईच्या बाबतीत कधी केलं नाही. वर माझ्याच सहीचा कागद दाखवला: 'वयोमानानुसार होणाऱ्या कोणत्याही गुंतागुंतीस संस्था जबाबदार नाही.' आणि अर्धे पैसे मी मालकाच्या बायकोच्या नंबरवर यूपीआयनं पाठवलेले, कारण "संस्थेचं खातं अपडेट होतंय ताई". संस्थेच्या नावावर पावती नसेल तर पैसा सोडू नका.

आता सरकारी दारं. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, आईला तुम्हीच ठेवलं होतं ना?" आरोग्य खात्याच्या ऑफिसात सांगितलं की हे नर्सिंग होम नाही, वृद्धाश्रम आहे, आमच्याकडे येत नाही. समाजकल्याणला गेले तर म्हणे, आम्ही अनुदानित वृद्धाश्रम बघतो, हे खाजगी आहे, आणि नळी लावलेले पेशंट ठेवतात म्हणजे ते हॉस्पिटलच झालं, आरोग्याकडे जा. आरोग्यवाल्यांना मी १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातली व्याख्या छापून दाखवली. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा म्हणजे नर्सिंग होम, असं त्यात सरळ आहे. अधिकाऱ्यांनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पण बोर्डवर केअर सेंटर लिहिलंय." म्हणजे बोर्ड रंगवणारा कायद्याच्या वर! नोंदणीच नाही तर तपासणी कोण करणार, आणि तपासणी नाही म्हणून तक्रार कोणाकडे करणार?

यावर कळस प्रांत ऑफिसात. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे म्हणून तिथे गेले. क्लार्कनं शांतपणे समजावलं की त्यातला निर्वाह न्यायाधिकरणाचा अर्ज मुलांविरुद्ध असतो. "आजी तुमच्याविरुद्ध करू शकतात." मी तिथेच हसायला लागले, लोक बघत होते. खाजगी केअर सेंटरची नोंदणी आणि किमान दर्जा या कायद्यात आणायचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा बारगळलं. पाळणाघरावरून टीव्हीवर निदान दोन दिवस आरडाओरडा होतो. म्हाताऱ्यांच्या वाट्याला तेवढंही नाही.

एकच दार उघडलं, ते जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, सेंटरच्या गावी हेलपाटे नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. पण तिथे रडून भागत नाही, कागद लागतो. दाखल करतानाच आईबाबांचं वजन करून घ्या, पाठीचा, टाचांचा तारखेसह फोटो काढा आणि मॅनेजरची त्यावर सही घ्या. सही द्यायला कां कूं केली तर उत्तर तिथेच मिळालं. बघायला जाल तेव्हा फिनेलचा वास नका बघू, इतर पेशंटची नखं बघा, ओठ बघा, तांब्या हाताला पोचतो का बघा. रात्रपाळीला किती जणी ते मॅनेजरला विचारू नका, वॉचमनला विचारा. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि ग्राहकांची १९१५ आहे. बोलताना तक्रार क्रमांक लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून रामायण.

आई आता घरी आहे, जखम भरत आलीय, एक बरी मावशी मिळालीय महिना २४,०००ला. सेंटरनं दोन गावं सोडून नवीन नावानं दुसरी शाखा काढलीय. जाहिरातीत फोटो जुनेच आहेत, एकात मागे खुर्चीत पावडर लावलेली माझी आई दिसते. तो फोटोही वकिलांना दिलाय. ग्राहक आयोगातली तारीख पुढच्या महिन्यातली आहे. सध्या कोणाचा पेशंट घाटापलीकडच्या अशा ठिकाणी असेल तर रविवारची वाट बघू नका, आज रात्री नऊनंतर न सांगता जा.