नऊशे रुपयांचं ‘ओरिजिनल जर्मेनियम’

घरी फझ फेसची (गिटारचा आवाज जाडाभरडा करणाऱ्या, म्हणजे ‘फझ’ देणाऱ्या जुन्या पेडलची) नक्कल बांधणारे बरेच जण एसी १२८ हे जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर ऑनलाइन मागवतात. मीही दोन जोड्या मागवल्या आणि दोन्हींत दोन वेगळ्या तऱ्हांनी गंडवला गेलो. विक्रेत्याचं नाव देत नाही. दुकानाची पाटी अशी मंडळी उद्या बदलतात, तेव्हा माल ओळखता आलेला बरा.

सर्किट अगदी एवढंसं. १९६६ साली इंग्लंडात आर्बिटर कंपनीने काढलेल्या मूळ पेडलमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे), बस्स. सगळा जीव त्या दोन ट्रान्झिस्टरांत. सुरुवातीचे एनकेटी २७५ आता मिळणं मुश्किल, म्हणून सगळे एसी १२८ च्या मागे. आपल्याकडे बेलनेही (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ते बनवले होते, जुन्या रेडिओंतून अजून निघतात. जाहिरातीत ‘ओरिजिनल जर्मेनियम, टेस्टेड, मॅच्ड पेअर’, जोडीला नऊशे रुपये, आणि शेजारी मीटरवरच्या एचएफईचा (गेनचा, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्या आकड्याचा) फोटो.

पहिली जोडी लावली. आवाज आला, पण कर्कश, आणि सूर विझताना खरखर करत तुटणारा. गिटारचा व्हॉल्यूम खाली केला की फझ निवळावा, तेही नाही. वर मागून रेडिओवरचं बोलणं बारीक ऐकू येई! आधी माझ्याच कामावर संशय घेतला. जॅक, फूटस्विच, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची दिशा, ड्राय सोल्डर, सगळं तपासलं. शेवटी मीटर घेऊन व्होल्टेज मोजायला बसलो. (पेडल पॉझिटिव्ह ग्राउंडचं, आकडे उणे येतात, चिन्ह सोडून देतो.)

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, कलेक्टर, एमिटर हे त्याचे तीन पाय) साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत, तिथे तीनसुद्धा नव्हते. पण चोर सापडला तो पहिल्याच्या बेसवर. जर्मेनियम असता तर तिथे ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसले असते. मीटर म्हणत होता ०.६३. हा आकडा सिलिकॉनचा, म्हणजे आजकालच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचा, त्यात वाद घालायला जागाच नाही. ट्रान्झिस्टर काढून कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून पुसला, तर ‘एसी १२८’ ही अक्षरं कापसावर आली आणि खाली पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे दिसले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “सर, माल ओके होता, तुमच्याकडून सोल्डरिंगमध्ये ओव्हरहीट झाला. सोल्डर केलेला पीस रिटर्न होत नाही.” वा रे पठ्ठ्या! जास्त तापून ट्रान्झिस्टर मरेल, पण जर्मेनियमचा सिलिकॉन कसा होईल? हेच विचारलं, तर गप्प. या धंद्याची मेख इथेच आहे: गिऱ्हाइकाला खोट कळते ती सोल्डर केल्यावर, आणि सोल्डर केलं की वॉरंटी संपली.

दुसरी जोडी मग सोल्डरिंग गनच्या जवळही नेली नाही. डायोड मोडवर काळी प्रोब बेसला, लाल एमिटरला: ०.२ च्या आसपास. म्हणजे जर्मेनियम खरंच. पुडीवर गेन १२७ लिहिलेला, माझ्या मीटरच्या एचएफई खाचेतही तेवढाच. एखादा इथेच खूश होऊन थांबला असता. पण मीटरची ती खाच लीकेजलाही (बेस मोकळा असतानाही गळणाऱ्या करंटला) गेन समजून मोजते. म्हणून नऊ व्होल्टवर, कलेक्टरला २४७२ ओहम लावून (२.२ के आणि २७० ओहम जोडले की जवळपास तेवढे होतात) बेस मोकळा ठेवला. रेझिस्टरवर शून्याच्या जवळ काहीतरी हवं होतं, आले १.९ व्होल्ट. मग बेसला २.२ मेगओहम जोडला, २.४ झाले. फरक ०.५, गुणिले शंभर, म्हणजे खरा गेन ५०. बाकीचे ७७ म्हणजे निव्वळ गळती, पाऊण मिलिअँपहून जास्त. फझ फेसला एखाद-दोनशे मायक्रोअँप चालतात. ट्रान्झिस्टरची डबी दोन बोटांत धरली तर आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला. दर दहा-एक अंशाला लीकेज जवळपास दुप्पट होतं. मे महिन्यात पुण्यात असं पेडल स्टेजवर नेऊन दाखवा!

या वेळी मोजणीचा व्हिडिओ पाठवला आणि सोबत ई-कॉमर्सचे २०२० चे नियम. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’ त्याने कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी. मग १९१५ नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. दुसऱ्या जोडीचे पैसे आले. पहिलीचे आलेले नाहीत, तो अजून ओव्हरहीटवर अडून बसलाय.

आता मी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून सुटे घेतो. ते म्हणाले, “मोजून घे बाबा, दहातले चार बरे निघाले तर नशीब.” निदान मोजू तरी देतात. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर पैसे टाकण्याआधी लीकेजचा आकडा लेखी मागा, तो कोणत्या तापमानाला मोजला तेही विचारा. नुसता एचएफई सांगून टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. माल आल्यावर पाकीट फोडताना व्हिडिओ काढा, आणि बोर्डावर ट्रान्झिस्टरऐवजी आधी सॉकेट (ट्रान्झिस्टर सोल्डर न करता नुसता खोचायची खाच) बसवा, म्हणजे सोल्डरिंगची सबब कुणाला सांगताच येणार नाही.