हरितगृह परिणामाचा किट: सामान उत्तम, सूचना चुकीच्या

कार्बन डायऑक्साइड भरलेली बरणी दिव्याखाली साध्या हवेच्या बरणीपेक्षा जास्त तापते, हे दाखवणारा हा किट दादरला शालेय साहित्याच्या दुकानात मिळतो. त्यातल्या काचेच्या बरण्या, थर्मामीटर, रबरी नळी सगळं दणकट आहे. घोळ सूचनापत्रकात आहे. सोडा आणि व्हिनेगर थेट बरणीत मिसळा म्हणतात; ही क्रिया उष्णता शोषते, त्यामुळे पारा उलट उतरतो! 5 ग्रॅम खायचा सोडा, 70 मिलि व्हिनेगर वेगळ्या बाटलीत घ्या आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड नळीतून बरणीत न्या. एलईडी नको, 60 वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब लावा. थर्मामीटर आधी एकाच पाण्यात बुडवून ताडून पाहा.

बरणी तापते ती मुख्यतः हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड आत फारसा हलत नाही म्हणून. पृथ्वीवर मात्र असे वायू जमिनीतून निघणारे अवरक्त (उष्णतेचे, न दिसणारे) किरण शोषतात, म्हणून सरासरी तापमान उणे 18 ऐवजी 15 अंश आहे. पत्रकात हा फरकच नाही, ही मोठी उणीव.