शफाली की जेमिमा?

शफाली वर्मा २०१९ मध्ये पंधराव्या वर्षीच भारताच्या महिला क्रिकेट संघाकडून खेळली. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्याआधी दीडेक वर्ष, सतराव्या वर्षी आली.

शफालीचा हिशोब सोपा: चेंडू टप्प्यात आला की हाणायचा. बसला तर २०२४ च्या चेन्नई कसोटीसारखं १९४ चेंडूंत द्विशतक, नाहीतर पॉवरप्लेतच (सुरुवातीच्या षटकांतच) तंबूत. जेमिमाकडे तेवढा दणका नाही. ती गॅप शोधते, एकेरी-दुहेरी चोरते. २०२५ च्या विश्वचषक उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. त्यात चौदा चौकार, षटकार एकही नाही! जर्सी मातीने माखलेली ती वेगळीच.

निवड समितीचा फटका दोघींनाही बसलाय. जेमिमाला २०२२ च्या विश्वचषक संघातून वगळलं. शफाली २०२५ च्या मूळ संघात नव्हती. सलामीवीर प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा, वर दोन बळी घेऊन सामनावीर ठरली. (गोलंदाजीत दोन बळी, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.)

टी-ट्वेंटीत सलामीला मी डोळे झाकून शफालीला पाठवेन. पन्नास षटकांचा पाठलाग असेल तर मात्र खेळपट्टीवर जेमिमाच हवी.