इमॅटिनिब ४०० : वर्षभराच्या वापरानंतर (गोळीला पाच तारे, तपासणीला दोन)

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावरच्या या गोळीबद्दल फारशी तक्रार नाही. डोकं उठवलं ते तिचं काम मोजणाऱ्या आरक्यू-पीसीआर या रक्ततपासणीनं.

सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि ही गोळी त्याचं प्रथिन बंद पाडते, हे पुन्हा सांगत बसत नाही. टप्पेही पाठ असतील: बीसीआर-एबीएलचं प्रमाण तिसऱ्या महिन्याला १० टक्के किंवा त्याखाली, सहाव्याला १, बाराव्याला ०.१. पण हे सगळे आकडे इंटरनॅशनल स्केलवरचे, म्हणजे सगळ्या लॅबसाठी एकच असलेल्या 'आयएस' मापातले. नवव्या महिन्याचा रिपोर्ट ०.१४ आयएस. बाराव्याला सातशे रुपये वाचतात म्हणून लॅब बदलली, तर आला ०.३१ आणि 'आयएस' ही अक्षरं कुठेच नाहीत! प्रत्येक लॅबच्या कच्च्या आकड्याला तिच्या स्वतःच्या रूपांतर-गुणकानं गुणावं लागतं. तो विचारला तर काउंटरवर कुणाला माहीत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. टक्केवारी आयएसमध्ये देणार का? ट्रान्सक्रिप्टचा (बीसीआर-एबीएलच्या आरएनए प्रतीचा) प्रकार लिहिणार का? कंट्रोल जनुकाच्या, म्हणजे तुलनेसाठी मोजलेल्या एबीएल१ सारख्या जनुकाच्या, प्रती छापणार का? एबीएल१ च्या प्रती १० हजारांच्या खाली असतील, तर 'आढळलं नाही' या शब्दांवर पेढे वाटू नका. नमुनाच कमकुवत असू शकतो. रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये, सोमवार ते गुरुवार सकाळीच द्या. शनिवारी संध्याकाळी दिलेलं सोमवारपर्यंत पडून राहतं, मोजायचा तो आरएनएच तुटतो.

आकडा खरंच वाढला असेल तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजायच्या, मग म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या नव्या बदलाची, तपासणी. टी३१५आय हे म्युटेशन निघालं तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही पुढची औषधंही चालत नाहीत. पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिबचा विचार होतो.

आता गोळी. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. उपाशीपोटी मळमळ ठरलेली. गिळवत नसेल तर ४०० ची गोळी साधारण २०० मिली पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. सकाळी पापण्या सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. सूज दिसायला वाईट, पण वजन झपाट्यानं वाढत नसेल तर घाबरायचं कारण नाही. ग्रेपफ्रूट बंद. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू होणार असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना सांगा, त्यानं इमॅटिनिबची रक्तातली पातळी कोसळते. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १ हजाराखाली किंवा प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या तर डॉक्टर गोळी थांबवतात. आपल्या मनानं थांबवायची नाही.

जेनेरिकबद्दलची शंका मात्र मागे. ०.३१ दिसल्यावर पहिला संशय स्वस्त स्ट्रिपवरच गेला होता, तो चुकीचा. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं मूळ कंपनीला पेटंट नाकारलं म्हणून तर ही गोळी महिन्याच्या खर्चात बसते. मूळ ब्रँडचा तेव्हाचा खर्च महिन्याला लाखाच्या वर सांगितला जायचा. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका आणि बॅच नंबर लिहून ठेवा.

स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा. लंडनच्या २०१० च्या अभ्यासात ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत ०.१ गाठण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्क्यांवर आलातच. आणि चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

जुन्या लॅबमध्ये पुन्हा केलेली तपासणी: ०.०८ आयएस. वाचवलेले सातशे गेले, वर एका पीसीआरचे पूर्ण पैसे.