जीप्लेट्स: वणी सरकताना दिसते, ओढतं कोण ते दिसत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या एका गावात मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. जीप्लेट्स वर्गात वापरून पाहिलं, त्याबद्दल थोडं.

पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, म्हणजे प्लेट्स, कोट्यवधी वर्षांत कसे सरकले ते नकाशावर दाखवणारं, सिडनी विद्यापीठाच्या अर्थबाइट गटाच्या पुढाकारातून झालेलं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडच्या रेंजला हेच मोठं.

किनाऱ्यांच्या फाइलसोबत 'आरओटी' फाइलही उघडायची; कुठली प्लेट कधी किती फिरली याची नोंद तिच्यात असते. ती नसेल तर स्लायडर कितीही ओढा, खंड जागचे हलत नाहीत. मग वणीवर बिंदू ठेवायचा, त्याला भारतीय प्लेटचा ५०१ क्रमांक द्यायचा आणि काळ मागे न्यायचा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या काळ्या मातीखालच्या बसाल्टचा लाव्हा वाहत होता तेव्हा, वणी विषुववृत्ताच्या दक्षिणेला! इथल्या खाणीतला कोळसा तयार झाला त्या पर्मियन काळात (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी) तर पार खाली, अंटार्क्टिकाच्या शेजारी. ५०१ हीच स्थिर प्लेट ठरवली की वणी जागेवर राहते आणि वरून आशियाच चालून येतो. पोरं खो-खो हसली.

मग मागून एकीने विचारलं, "सर, पण आपला देश काऊन येवढा पळून राह्यला होता?"

पळत होता खराच. तेव्हा वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त, आता जेमतेम ५. पण जीप्लेट्स वेग सांगतं, कारण नाही. समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून काढलेली हालचाल ते फक्त फिरवून दाखवतं. बलांचा हिशोब त्यात नाहीच. शेवटी खडूच घेतला. ज्या प्लेटची कड खोल बुडते ती जास्त पळते, हे फोर्सिथ आणि उयेदा या भूशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं. खाटेवरून लोंबणारी ओली गोधडी उरलेलीलाही ओढते, तसं. भारताला टेथिसच्या, म्हणजे भारत आणि आशियामधल्या तेव्हाच्या समुद्राच्या, बुडत्या तळाने ओढलं. त्यात बुडण्याच्या जागा दोन होत्या की खालून उष्ण प्रवाहानेही ढकललं, यावर अजून वाद आहे.

तो वाद तपासायला 'अ‍ॅस्पेक्ट'सारखं मॉडेल लागतं. तापमान, घनता आणि प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड थराचा) चिकटपणा देऊन ते प्रवाहाची समीकरणं सोडवतं. चिकटपणा बदला, वेग बदलतो. तेही फुकट, पण काम सगळं कमांड टाइप करून, आणि अख्ख्या पृथ्वीचं त्रिमितीय गणित आमच्या लॅबमधल्या पेट्यांना झेपणारं नाही. बारावीला त्याच्या नादी लागू नका.

जीप्लेट्सला पाचपैकी चार. एक कापला तो मेनूपायी: सगळा इंग्रजी, अक्षर बारीक, प्रोजेक्टरवर मागच्या बाकांना ओ का ठो दिसत नाही.