शेजारचं मांजर आणि आपला वाफा: जाळी, फवारा की वास?

मांजर बागेत येतं ते बहुतेक वेळा मोकळ्या, भुसभुशीत, कोरड्या मातीसाठी. खड्डा उकरायचा, शी करायची, वर माती ओढायची. नुकताच पेरलेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा किंवा कोकोपीट भरलेली रुंद कुंडी म्हणजे त्याची हक्काची जागा. म्हणून कुठलाही उपाय घेताना एवढंच तपासावं: यानंतर त्याला माती उकरता येईल का?

या कसोटीवर कोंबडी जाळी सगळ्यांत वरचढ ठरते. अर्धा ते पाऊण इंच भोकाची जाळी वाफ्यावर सपाट अंथरा, कडा आत दुमडा आणि तारेचे १५ सेंमी लांब, इंग्रजी यू आकाराचे आकडे दर दोन फुटांवर ठोका. वर दोन-तीन सेंमी माती किंवा पालापाचोळा पसरला की ती दिसतही नाही. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी जाळीत भोक कापायचं, पण तारेची टोकं खाली वळवायची, नाहीतर खुरपताना हात फाटतो. फसते कुठे? आकडे कमी पडले की कडा उचलली जाते आणि मांजर तिथूनच सुरुवात करतं. कोकणातल्या पावसात साधी जाळी लवकर गंजते, तिथे प्लास्टिकचं आवरण असलेली घ्यावी. पालेभाजीला मात्र कायमची जाळी अडचणीची. पेरल्यावर ती वीतभर उंचीवर कमानीसारखी ताणा आणि रोपं चार-पाच बोटं वाढून माती झाकली गेली की काढा.

कुंड्यांना जाळी कापत बसण्यापेक्षा ४-५ सेंमीचे गोटे बरे, पण गच्चीवर वजनाचा विचार हवा. करवंट्या हलक्या असतात. त्या पालथ्याच ठेवा, उताण्या राहिल्या तर पाणी साचून डास होतात.

हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा अंगणासाठी उत्तम, कारण मांजर इजा न होता दचकतं आणि तो भाग टाळू लागतं. पण खरेदीआधी पाण्याचा दाब बघा. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तेव्हा साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीतल्या बागेच्या डोक्यावरच टाकी असली तर त्याच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यावर भागवावं लागतं आणि फवारा नुसता गळतो. शिवाय समोर केळीचं पान डोलत असेल तर तो दिवसभर उगाच उडतो. पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि टाकीची जोडणी नसेल, तर या वाटेला जाऊच नये.

अल्ट्रासोनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजाने मांजराला हुसकावणारं यंत्र, घेण्याआधी नीट विचार करा. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत परिणाम दिसला, पण मध्यम: मांजरांचं येणं घटलं, थांबलं नाही. बहिऱ्या मांजरावर तर शून्य.

वासाचे उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमकुवत. संत्र्याची साल दोन-तीन दिवसांत सुकते, पावसात बुरसते. वापरलेली कॉफी पसरू नका, कॅफीन मांजराला विषारी आहे. डांबरगोळ्या आणि फिनाईल तर नकोच नको. मांजर पंजे चाटतं, ते विष पोटात जातं आणि त्याचं यकृत ते निभावू शकत नाही. मिरची पूड पंज्यांतून डोळ्यांत जाते. विष घालून प्राण्याला मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

उपाय कुठलाही निवडा, जुना वास काढल्याशिवाय तो टिकत नाही. घाण झालेली वरची ५-८ सेंमी माती उचलून टाका. अमोनियाचं क्लीनर फरशीवरही वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच असतो. शी रोज, हातमोजे घालून काढावी: तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा हा रोग पसरवणारा सूक्ष्म परजीवी असला तर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, पण नंतर मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बाईने हे काम करू नये, आणि त्या वाफ्यातली पालेभाजी कच्ची खाऊ नये.

शेजाऱ्यांशी बोलणं होत असेल तर त्यांच्याच अंगणात दोन बाय तीन फुटांची, वीतभर खोल वाळूची जागा करून द्यायला सुचवा. ती कोरडी, आडोशाला असावी आणि रोज साफ व्हावी. बोका झाडांवर मुताची पिचकारी मारत असेल तर जाळीचा उपयोग नाही, तिथे नसबंदीचाच विषय काढावा लागेल.